वेठ आली कुठून? डहाणू-तलासरीतील वाढ आणि संघर्ष

डहाणू आणि तलासरीच्या वारल्यांचा इतिहास सांगताना एक मांडणी आपण न तपासता स्वीकारतो. डोंगराळ, जंगली मुलखातला हा समाज प्रगतीपासून दूर राहिला, रस्ता, शाळा आणि कायदा त्याच्यापर्यंत उशिरा पोचले आणि म्हणून जमीनदारांची वेठबिगारी तिथे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून राहिली, अशी ती मांडणी. तिच्यात वेठ हा जुन्या काळाचा अवशेष ठरतो आणि विकास हा त्यावरचा उतारा. उपलब्ध पुरावा मात्र वेगळे सांगतो. या भागात आगगाडी आली, जमिनीची मोजणी झाली, दिवाणी कोर्टे आली, मुंबईचा बाजार आला. आणि त्यांच्याच पाठोपाठ वारली आपल्या जमिनीवर परका झाला. ज्या वेठबिगारीविरुद्ध १९४५ मध्ये झरीच्या सभेत हजारो माणसे उभी राहिली, ती वेठबिगारी मुंबईच्या भरभराटीच्या काळात घट्ट झाली होती. वाढ आणि संघर्ष या इथल्या इतिहासात दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, एकीतूनच दुसरी निघाली, असे मला म्हणायचे आहे. हे नीट समजले नाही तर आज याच किनाऱ्यावर चाललेल्या वादांचाही अर्थ लागणार नाही.

आधी मुलूख डोळ्यांपुढे आणू. पश्चिमेला समुद्रालगतची सपाट पट्टी: चिंचणी, डहाणू, घोलवड, बोर्डी, झाई. तिथे मासेमारी, मिठागरे, बागायत. रेल्वेचे रूळ ओलांडून पूर्वेला गेले की जमीन चढत जाते, गावे विस्कटून पाड्यांमध्ये वाटली जातात आणि सागाचे जंगल सुरू होते. इथे वारली, कोकणा, धोडी, दुबळा, काथोडी राहत आले. खाचरात भात, उतारावर नागली आणि वरई, उरलेल्या दिवसांत कंद, मासे, मध, मोह, असा त्यांचा संसार. या मुलखावर जव्हारच्या मुकणे राजांनी हक्क सांगितला, किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी ठाणी बसवली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत डहाणू मराठ्यांकडे आले आणि १८१८ च्या सुमारास सगळे इंग्रजांच्या हाती गेले. राज्यकर्ते बदलत गेले तरी एक गोष्ट बराच काळ बदलली नाही. माणसे थोडी होती आणि जंगल अफाट होते. जाच वाढला की पाडा उठून दुसऱ्या डोंगराच्या कुशीत जाऊन बसू शकत होता. गरिबी होती, दुष्काळ होते, सरकारी वेठही होती. पण निघून जाण्याची वाट उघडी होती. पुढे काय बिघडले हे पाहायचे तर ही वाट कशी बंद झाली ते पाहावे लागते.

इथे तरुण अमेरिकी प्रजासत्ताकाकडे एक नजर टाकणे उपयोगाचे ठरेल, कारण वाढीतून संघर्ष कसा जन्मतो याचे ते फार स्पष्ट उदाहरण आहे. ब्रिटनने स्वातंत्र्य मान्य केल्यानंतर दोनच वर्षांत, १७८५ मध्ये, अमेरिकेच्या काँग्रेसने पश्चिमेकडची जमीन चौकोनांत मोजून विकण्याचा वटहुकूम काढला. त्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांकडे कागद नव्हता. १८२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जॉन्सन विरुद्ध मॅकिन्टॉश या खटल्यात निकाल दिला की मूळ रहिवाशांना वहिवाटीचा हक्क आहे, मालकीचा नाही. १८३० मध्ये त्यांना मिसिसिपीपलीकडे हलवण्याचा कायदा झाला आणि १८३८ मध्ये चेरोकी लोकांना सैन्याच्या पहाऱ्यात घराबाहेर काढण्यात आले. या चेरोकींनी १८२७ मध्ये स्वतःची लेखी घटना केली होती आणि १८३२ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाकडून जॉर्जिया राज्याविरुद्ध आपल्या बाजूचा निकालही मिळवला होता. तो निकाल अमलात आला नाही. जमिनीची जी गोष्ट तीच गुलामगिरीची. १७९३ मध्ये सरकी काढण्याचे यंत्र आले, इंग्लंडच्या गिरण्यांकडून मागणी वाढली आणि जी गुलामगिरी हळूहळू मावळेल असे प्रजासत्ताकाच्या अनेक संस्थापकांना वाटत होते ती फोफावली. १७९० मध्ये सुमारे सात लाख असलेली गुलामांची संख्या १८६० मध्ये चाळीस लाखांच्या जवळ पोचली. गुलामगिरी तिथे मागासलेपणामुळे टिकली असे कोणी म्हणू शकत नाही. जगातल्या सर्वांत झपाट्याने वाढणाऱ्या अर्थव्यवस्थांपैकी एकीचा ती पाया होती.

अशीच प्रक्रिया तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, लहान प्रमाणावर आणि वेगळ्या सत्तेखाली, घडली. कंपनी सरकारने आणि नंतर राणीच्या सरकारने जमिनीची मोजणी केली, सातबाऱ्याच्या पूर्वजांसारखी दप्तरे तयार केली आणि सारा रोख रकमेत ठरवला. ज्याच्या नावावर नोंद तो खातेदार, आणि खातेदाराचा हक्क विकता, गहाण टाकता येण्याजोगा. वारल्याच्या दृष्टीने जमीन ही विकायची वस्तू नव्हती, म्हणून तिच्या बाजारातले डावपेच त्याला ठाऊक नव्हते. सारा रोख भरायचा, पण त्याच्या घरात रोकड नाही. मग पावसाळ्यात धान्य देणारा, सारा भरून देणारा, दारूचा मक्ता घेणारा, कोर्टाची भाषा जाणणारा माणूस पुढे आला. पारशी, इराणी, मारवाडी, ब्राह्मण, मुसलमान अशा अनेक समाजांतून ही माणसे आली. दोष कोणा एका जातीचा नव्हता, व्यवहाराच्या रचनेचा होता. अंगठा घेतलेला कागद, मुदत टळली की दावा, दाव्यात एकतर्फी हुकूमनामा आणि शेवटी जमीन सावकाराच्या नावावर. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत बहुतेक वारली आपण पूर्वी कसत आलेल्या जमिनीवरच खंड भरणारे कूळ झाले होते, आणि तेही मालकाच्या मर्जीवरचे.

सावकार या आडवाटेच्या जमिनीसाठी एवढे धडपडले ते मुंबईमुळे. १८६४ मध्ये बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने मुंबई सुरतेशी जोडली आणि डहाणू मुंबईपासून काही तासांवर आले. ती वर्षे अमेरिकेतल्या यादवी युद्धाची. तिकडचा कापूस अडल्यामुळे मुंबईत पैशाचा पूर आला होता. १८६४ च्या गणतीत शहराची वस्ती आठ लाखांच्या वर गेली होती. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, पण शहर वाढतच राहिले. त्याला इमारतींसाठी लाकूड हवे, स्वयंपाकासाठी सरपण आणि कोळसा हवा, रेल्वेला रुळांखालच्या पट्ट्या हव्यात. आणि गवत हवे. व्हिक्टोरिया गाड्यांचे घोडे, १८७४ पासून ट्रामचे घोडे, लष्कराची जनावरे, तबेल्यांतल्या म्हशी या सगळ्यांचे पोट उत्तर कोकणच्या वरकस जमिनीवर भरत होते. दसऱ्याच्या सुमारास गवत पिकून पिवळे पडले की कापणी सुरू होई. विळ्याने कापायचे, वाळवायचे, पेंढ्या बांधायच्या, डोक्यावरून गंजीपर्यंत न्यायचे. मग गाठी दाबल्या जात आणि बैलगाडीने स्टेशनवर पोचत. मजुरी वजनावर ठरे, आणि काटा व्यापाऱ्याचा असे. ज्या माळाला कधी कोणी भाव दिला नव्हता तो माळ रेल्वेमुळे सोन्याचा झाला. मात्र त्याला किंमत येण्यासाठी ऐन हंगामात, भाताची कापणी तोंडावर असताना, शेकडो हातांची गरज होती.

जमिनीचा कागद आणि मुंबईचा बाजार यांच्यानंतर तिसरा फास जंगलाच्या कायद्याने आवळला. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले ठरली आणि जे कालपर्यंत रोजच्या जगण्याचा भाग होते ते गुन्ह्यात किंवा सवलतीत मोडू लागले. राबाचे उदाहरण पुरेसे आहे. उत्तर कोकणात भाताचे रोप तयार करण्याआधी रोपवाटिकेच्या तुकड्यावर शेण, त्यावर झाडांच्या तोडलेल्या फांद्या, त्यावर गवत-पाचोळा आणि वर मातीचा थर असा राब रचतात आणि उन्हाळ्याच्या शेवटी तो पेटवतात. राखेने जमीन भुसभुशीत होते, तणाचे बी जळते, रोप जोमाने येते. यासाठी दरवर्षी फांद्या हव्यात आणि त्या जंगलातूनच येणार. वनखात्याच्या लेखी ही झाडांची नासाडी होती, शेतकऱ्याच्या लेखी हे पीक होते. ठाणे जिल्ह्यातून एवढा असंतोष उठला की १८८५ मध्ये सरकारला वन आयोग नेमावा लागला आणि राबाचा प्रश्न त्याच्या चौकशीत ठळकपणे आला. काही सवलती मिळाल्या, पण परवानगी देणारा आणि दंड करणारा शिपाई आता पाड्याच्या दाराशी कायमचा आला. पाडा उठवून दुसऱ्या डोंगरात जाण्याची वाटही याच कायद्याने बंद झाली. जंगल सरकारचे, शेत सावकाराचे. वारल्याकडे स्वतःचे असे अंगमेहनतीखेरीज काही उरले नाही.

या तीन फासांच्या मिलाफातून वेठबिगारीचे ते रूप तयार झाले ज्याची वर्णने आज वाचताना अंगावर काटा येतो. पावसाळ्यात घरचे धान्य संपले की सावकाराकडून खावटी घ्यायची आणि सुगीत ती कितीतरी वाढवून परत करायची. लग्नासाठी कर्ज काढले तर तो तरुण आणि त्याची बायको, दोघेही फेड होईपर्यंत सावकाराच्या घरी राबणार. त्याला लग्नगडी म्हणत, आणि फेड बहुधा कधीच होत नसे, कारण हिशेब सावकाराच्या वहीत असे. मुंबई सरकारच्या सांगण्यावरून डी. सिमिंग्टन या आय.सी.एस. अधिकाऱ्याने आदिवासी भागांची पाहणी केली आणि १९३९ च्या सुमारास अहवाल दिला. जमीनदार बोलावील तेव्हा कुळाला कामाला जावे लागते, नकार दिला तर मारहाण होते, मजुरी असलीच तर दिवसाला एक आणा, नाहीतर एका माणसाच्या एका जेवणाला जेमतेम पुरतील एवढे तांदूळ, आणि कुळांच्या बायकांवर जमीनदार अत्याचार करतात, हे एका सरकारी अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. या वर्णनातला प्रत्येक तपशील त्या नव्या बाजाराच्या गरजेशी जुळतो. जमीन पुष्कळ, हात कमी आणि माल नाशवंत हंगामाचा, अशा वेळी मजुराला मोकळे सोडले तर मजुरी चढते. ती चढू द्यायची नसेल तर मजुराला बांधावे लागते. अमेरिकेच्या दक्षिणेत तो बांधला गेला साखळीने आणि कायद्याने, डहाणूत कर्जाने आणि कोर्टाने.

यावर पहिला आक्षेप असा येईल की वेठ ही प्रथा इंग्रजांच्या कितीतरी आधीची आहे, पेशवाईत होती, संस्थानांत होती, मग तिचे खापर रेल्वेवर आणि बाजारावर का फोडायचे? आक्षेपातला तपशील खरा आहे. सरदाराचे ओझे वाहणे, किल्ल्याची डागडुजी, अधिकाऱ्याच्या मुक्कामाला लाकूड-गवत पुरवणे, अशी वेठ जुनीच. पण ती राज्याची होती, प्रसंगाची होती आणि गावावर मिळून पडत होती. खासगी मालकाने एका ठरावीक कुटुंबाच्या वर्षभराच्या श्रमावर, बायकामुलांसकट, कर्जाच्या कागदाच्या जोरावर हक्क सांगणे ही वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी विकाऊ जमीन हवी, वसुली करून देणारे कोर्ट हवे, पळून जायला जागा नको आणि त्या श्रमातून निघालेला माल विकायला मोठा बाजार हवा. या चारही गोष्टी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच एकत्र आल्या. जुन्या नावाखाली नवीन व्यवस्था उभी राहिली.

ही व्यवस्था मोडली कशी, तेही तितकेच बोलके आहे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन भरले. तिथे उंबरगाव तालुक्यातून आलेल्या माह्या धांगडा या वारल्याने आपल्या लोकांची अवस्था मांडली. त्यानंतर किसान सभेचे नेते शामराव आणि गोदावरी परुळेकर या भागात उतरले. २३ मे १९४५ ला झरी गावी सुमारे पाच हजार वारली जमले. तेव्हा हे गाव उंबरगाव तालुक्यात होते, आज तलासरीत आहे. सभेतले निर्णय मोजके आणि स्वच्छ होते: वेठ करायची नाही, बारा आणे रोख रोज मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचे नाही, लग्नगडी राहायचे नाही आणि मारहाण झाली तर एकजुटीने तोंड द्यायचे. पुढच्या काही आठवड्यांत गावोगावचे लग्नगडी मालकांच्या घरातून बाहेर पडले. पिढ्यान्‌पिढ्यांचे बंधन एका पावसाळ्याच्या आत सुटले. मग गवत कापणीचा हंगाम आला आणि मजुरीच्या दरासाठी संप झाला. संपाचे हत्यार नेमके तिथे चालले जिथे या व्यवस्थेचा नफा होता. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाडा इथे जमलेल्या मोठ्या समुदायावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. तरीही संप मोडला नाही. १९४६ मध्ये लढा जंगलतोडीच्या कामावर गेला आणि त्या नोव्हेंबरात इमारती लाकडाच्या व्यापाऱ्यांना दिवसाला सव्वा रुपया मजुरी मान्य करावी लागली.

दुसरा आक्षेप त्या काळापासून चालत आला आहे: हा सगळा बाहेरच्या कम्युनिस्टांनी पेटवलेला वणवा होता, वारली भोळे होते, त्यांना चिथावले गेले. परुळेकर कम्युनिस्ट होते आणि ते बाहेरून आले, यात लपवण्यासारखे काही नाही. पण तलवाड्याची माणसे गोळीबारानंतरही कामावर गेली नाहीत, नेत्यांना जिल्ह्याबाहेर काढल्यानंतरही संघटना उभी राहिली, हे चिथावणीने होत नाही. शिवाय बाहेरच्या माणसाने आणलेला सावकारी कागद चालतो, बाहेरच्या कंत्राटदाराचा काटा चालतो, बाहेरच्या शहराची मागणी चालते आणि बाहेरून आलेली संघटना मात्र चालत नाही, हा न्याय कसला? गोदावरीबाईंनी या लढ्यावर लिहिलेल्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकाचे शीर्षकच सांगते की जागा होणारा वारली त्यांच्या लेखी कर्ता होता.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला आदराने उत्तर द्यायला हवे. संघर्षाची गरज होती का? सुधारणा येतच होत्या. बाळासाहेब खेरांनी १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळ स्थापन केले, आचार्य भिसे यांनी या भागात शिक्षणाला वाहून घेतले, के. जे. सावे यांनी वारल्यांचा अभ्यास करून १९४५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच वर्षी ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांच्या साथीने बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि ते पुढे कोसबाडला नेले. ही माणसे मोठी होती आणि त्यांच्या कामाचे ऋण हा भाग आजही वाहतो. पण एक साधा हिशेब आहे. सिमिंग्टन अहवाल १९३९ च्या सुमारास सरकारच्या टेबलावर होता. १९४५ च्या मे महिन्यातही वेठ चालूच होती, मजुरी आण्यात होती. सरकारला माहीत असूनही जे सहा वर्षांत घडले नाही ते झरीच्या सभेनंतर काही महिन्यांत घडले. आणि ज्या खेरांना आदिवासींबद्दल खरी कळकळ होती, त्यांच्याच मंत्रिमंडळाच्या काळात, मोरारजी देसाई गृहमंत्री असताना, १९४६ च्या अखेरीस परुळेकरांना ठाणे जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले आणि जानेवारी १९४७ मध्ये पालघर तालुक्यातल्या नानिवलीला पुन्हा गोळीबार होऊन माणसे मेली. माणसे चांगली असली तरी ज्यांना मत मांडता येत नाही त्यांच्या वाट्याला उपकार येतात, हक्क येत नाहीत.

म्हणूनच मी असे म्हणतो की डहाणू-तलासरीत प्रजासत्ताक २६ जानेवारी १९५० च्या आधी, झरीच्या माळावर सुरू झाले. संघर्ष हा प्रजासत्ताकाचा शत्रू असतो असे आपण समजतो, पण अमेरिकेचाही अनुभव निराळा आहे. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी, डॅनियल शेज यांच्यासारख्या माजी सैनिकांच्या नेतृत्वाखाली, जप्तीचे हुकूम देणारी न्यायालये बंद पाडली. ते बंड १७८७ च्या सुरुवातीला मोडले गेले, पण त्याच वर्षी फिलाडेल्फियात घटना लिहायला बसलेल्यांच्या मनावर त्याची छाया होती. आपल्याकडे १८७५ मध्ये सुप्याला आणि आजूबाजूला शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले, आणि चारच वर्षांत दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. वारल्यांच्या लढ्यानंतर १९४८ चा कूळकायदा आला, १९५६ च्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणाऱ्याला मालकीची वाट खुली झाली. त्याच १९५७ च्या निवडणुकीत शामराव परुळेकर ठाण्यातून लोकसभेवर गेले. दहा वर्षांपूर्वी ज्या जिल्ह्यातून हद्दपार केले होते त्याच जिल्ह्याच्या मतांवर. संघर्षातून आलेली माणसे नागरिक म्हणून मत द्यायला आली, हे लोकशाहीचे यश आहे.

इथे एक सावधगिरीची नोंदही केली पाहिजे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केले. ते योग्यच होते. त्या मुक्तीसाठी तिथे लाखो माणसांनी प्राण दिले होते. पण त्याच दशकात तेच राष्ट्र रेल्वे आणि शेती वाढवत मूळ रहिवाशांना राखीव क्षेत्रांत कोंडत होते. एक अन्याय दूर करणारा देश दुसरा डोळ्यांआड करू शकतो, आणि हे आपल्यालाही लागू आहे. कूळकायदा झाला, पण १९७४ मध्ये आदिवासींच्या हस्तांतरित जमिनी परत देण्यासाठी महाराष्ट्राला वेगळा कायदा करावा लागला. घटनेने बिगारीला बंदी घातली, पण १९७६ मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. वनहक्क मान्य व्हायला २००६ उजाडले. प्रत्येक कायद्याच्या मागे कोणाची तरी चळवळ आहे.

शेवटचा आक्षेप आजचा आहे. वाढ नकोच का? मुंबईच्या बाजारामुळे घोलवडच्या चिकूच्या बागा उभ्या राहिल्या, त्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले. रेल्वेने शाळा-दवाखाने जवळ आणले. तलासरीतल्या आदिवासी मुलांसाठी परुळेकरांच्या नावाचे महाविद्यालयही आहे. वाढ नको असे मी म्हणत नाही. प्रश्न वाढीचा निर्णय कोण घेतो आणि तिचा भार कोण उचलतो हा आहे. १९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले आणि १९९८ मध्ये त्याने याच तालुक्यातल्या वाढवणच्या प्रस्तावित बंदराला नकार दिला. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने नव्या प्रस्तावाला संमती दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला सुमारे ७६,००० कोटी रुपयांच्या वाढवण बंदराचे भूमिपूजन झाले. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचा मार्गही याच तालुक्यांतून जातो. बंदर हवे की नको यावर मच्छीमार, बागायतदार, आदिवासी, सरकार यांची मते भिन्न आहेत आणि तशी ती असणारच. पण डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीत येतात, तलासरीत २०११ च्या गणनेनुसार दहापैकी नऊ माणसे आदिवासी आहेत, आणि १९९६ च्या पेसा कायद्याने जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीशी विचारविनिमय करणे बंधनकारक केले आहे.

१८६४ ची रेल्वे आणि आजची वेगवान रेल्वे, गवताच्या गाठी आणि कंटेनरचे बंदर यांत दीडशे वर्षांचे अंतर आहे, आणि या अंतरात एक मोठा फरक पडला आहे. तेव्हाच्या वारल्याला मत नव्हते, कागद नव्हता, सभा भरवण्याचा हक्क नव्हता. आजच्या वारल्याला तिन्ही आहेत, आणि ते त्याने मागून घेतलेले नाहीत, मिळवलेले आहेत. त्यामुळे या मुलखात नवा प्रकल्प आणणाऱ्याने वस्तीला मागास समजून तिच्या वतीने निर्णय घेऊ नये. ग्रामसभेच्या इतिवृत्तात गावाचे होकार-नकार खरे लिहिले जावेत, जमीन गेलेल्याला मोबदल्याबरोबर रोजगाराचा हक्क कागदावर मिळावा, आणि जिथे गाव नाही म्हणेल तिथे तो नकार मानला जावा. एवढे झाले नाही, तर वाढ पुन्हा एकदा वेठ घेऊन येईल, भले तिचे नाव वेगळे असो. आणि ती मोडायला पुन्हा एक झरी उभी करावी लागेल.